इंजिन धुवायचं नाही, पुसायचं!

पाऊस सरत आला, की आपल्या घरांतून एक निराळीच धांदल सुरू होते. गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायचं, कडधान्यं उन्हात पसरायची, कपाटातल्या कपड्यांवर आलेली बुरशी झटकायची. नवरात्र बसण्याआधी घर लख्ख हवं ना! त्यातच खंडेनवमी-दसऱ्याला अवजारांची आणि यंत्रांची पूजा. पूर्वी या पूजेत विळी-कोयता, शिलाईचं यंत्र आणि फार तर एखादी सायकल असे. आता पुष्कळ घरी अंगणात मोटार उभी असते. तिला बाहेरून न्हाऊमाखू घालून आपण झेंडूची माळ चढवतो. पण तिचं बॉनेट उचलून आत काय परिस्थिती आहे, हे किती जणींनी पाहिलंय?

‘‘छे हो, ते ह्यांचं काम,’’ असं तुमच्यापैकी बऱ्याच जणी म्हणतील. पण ‘हे’ नागोठण्याला किंवा रोह्याला पाळीवर असतात, नाहीतर आठवडाभर मुंबईला असतात. गाडी घरी असते. मुलाला शाळेत सोडायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला, बाजारहाट करायला ती आपणच चालवतो. जी वस्तू आपण रोज वापरतो, तिच्या पोटात काय आहे ते आपल्याला ठाऊक नको का? गॅसची नळी तपासायला आपण शिकलो, मिक्सरचा फ्यूज बघायला शिकलो; तितकंच हे आहे. म्हणून आज इंजिनाभोवतालची जागा घरच्या घरी, आणि मुख्य म्हणजे जिवाला व गाडीला धोका न पोचवता, कशी स्वच्छ करायची ते पाहू.

एक गोष्ट आधीच सांगते, ती पदराला गाठ मारून ठेवा. इंजिन धुवायचं नसतं, पुसायचं असतं. बाकी सगळं या एका वाक्याचाच विस्तार आहे.

मुळात स्वच्छ कशासाठी?

कोणाला दाखवण्यासाठी नव्हे. बॉनेट काही दिवाणखान्यातलं शोकेस नाही. पण आमच्या पालीसारख्या गावात गाडीची परीक्षाच असते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने चिखल, त्यानंतर खोपोली-पाली-वाकण रस्त्यावरची धूळ. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांची रहदारी तर बारा महिने असते. त्यातून पाहुणे आले, की आपण किहीम, नागाव, काशीद असे फिरून येतो. तिथली खारी हवा आणि वाळू लोखंडाला गंज चढवते. फणसाखाली नाहीतर बदामाखाली गाडी उभी केली, की काचेखालच्या जाळीत पानांचा थर साचतो. तिथली पाणी जायची भोकं बुजली, की पावसाचं पाणी गाडीच्या आत, पायाखालच्या गालिच्यात येतं. गाडीत कुबट वास येतो तो पुष्कळदा यामुळेच. पूजेच्या माळेतल्या झेंडूच्या पाकळ्याही याच जाळीत जाऊन बसतात, बरं का!

दुसरं कारण आगीचं. वाळकी पानं, उंदरानं आणून ठेवलेला कापूस-काथ्या आणि तेलाचा ओघळ ही तिन्ही तापलेल्या धुराच्या नळीजवळ एकत्र आली, तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. स्वच्छ इंजिनावर नवा डाग लगेच दिसतो. ओट्यावर गळती लागलेला नळ कसा चटकन कळतो, तसंच. सगळं मळलेलं असेल, तर तेल कुठून झिरपतंय आणि वायर कुठे कुरतडलीय, हे मेकॅनिकलाही शोधावं लागतं. त्या शोधाची मजुरी आपल्याच पिशवीतून जाते.

पाण्याचा मारा का नको?

जुन्या लोकांना आठवत असेल, फियाट आणि अँबेसिडरच्या काळात गॅरेजात रॉकेलचा फवारा मारून इंजिन धूत. मग वरून पाण्याची धार. पाणी कुठे शिरलंच, तर एक झाकण काढून कोरड्या फडक्यानं पुसलं, की गाडी सुरू होई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्याही पहिल्या गाड्यांना कार्बोरेटरच होता. पण त्यानंतर गाड्या फार बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. आजच्या गाडीत इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, धूर किती स्वच्छ ठेवायचा हे सगळं एक छोटा संगणक ठरवतो. त्याला माहिती पुरवणारे सेन्सर आणि त्यांच्या वायरींचे जोड इंजिनभर पसरलेले असतात. हे जोड पावसाचे शिंतोडे सोसतात, पण जेट पंपाचा मारा सोसतीलच असं नाही. हिशोब पाहा: गाडीच्या चाकातल्या हवेचा दाब साधारण २.२ बार असतो, आणि घरगुती जेट पंपाच्या पाण्याचा बहुधा १०० बारच्या वर! एवढ्या जोरानं पाणी रबरी सीलच्या आत घुसतं आणि तिथंच बसतं. जोड लगेच बिघडतो असंही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी आत हिरवट गंज धरतो आणि गाडी अवेळी दगा देते.

आमच्या ओळखीच्या एका घरी असंच झालं. गाडी धुवायला दिली होती. तिथल्या पोरानं हौसेनं इंजिनावरही जेट मारून दिला. इंजिन आरशासारखं चकचकीत! दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबांच्या छातीत कळ आली. त्यांना खोपोलीला न्यायचं, तर गाडी सुरूच होईना. शेजाऱ्यांची गाडी होती म्हणून निभावलं. चकचकाटाची किंमत अशा वेळी कळते.

आधी तयारी

साहित्य सगळं घरातलंच. रंगकामाचा एक जुना स्वच्छ ब्रश, दोन जुने दातांचे ब्रश, पाच-सहा सुती फडकी, इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली, अर्धी बादली पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब, खायचा सोडा, व्हॅसलीन, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड. रबरी हातमोजे मात्र हवेतच.

आता काय वापरायचं नाही तेही ऐका. रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात नको. त्यांची वाफ पेट घेते आणि डोक्यातही जाते. धुण्याचा सोडा किंवा कडक पावडर नको. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सोड्यानं कसं काळं पडतं, ते आपल्याला माहीत आहेच. इंजिनाचा पुष्कळसा भाग त्याच धातूचा असतो. संडास-मोरीचं अ‍ॅसिड तर दूरच ठेवा.

अंगावर काय घालायचं, हेही महत्त्वाचं आहे. साडीचा पदर किंवा ओढणी खोचून घेतली तरी सुटते. त्यापेक्षा जुना पंजाबी ड्रेस ओढणीशिवाय घाला आणि वेणीचा अंबाडा बांधा. पाटल्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. लांब मंगळसूत्र असेल, तर तेही तेवढ्यापुरतं काढा, नाहीतर कपड्याच्या आत घट्ट खोचा. हे मी उगीच सांगत नाही. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते, तिचा झटका बसत नाही, हे खरं. पण धातूचा दागिना एकीकडे बॅटरीच्या अधिक खांबाला आणि दुसरीकडे गाडीच्या पत्र्याला टेकला, तर शेकडो अँपियरचा प्रवाह त्यातून जातो. सोनं क्षणात तापून कातडीला चिकटतं. सौभाग्यलेणं जपायचं असेल, तर अशा वेळी ते देवापुढच्या वाटीतच बरं.

हात घालण्यापूर्वी

काम सकाळी करा, गाडी रात्रभर उभी असताना. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं, तर धातूला तडा जाऊ शकतो आणि आपला हात भाजतो, ते वेगळंच. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतलं उकळतं पाणी कुकरच्या वाफेसारखं तोंडावर येतं. काही गाड्यांत किल्ली बंद असली, तरी रेडिएटरचा पंखा आपोआप फिरायला लागतो. तेव्हा त्याच्या पात्यांत बोटं घालायची नाहीत. मुलांना अंगणाबाहेर पाठवा.

बॉनेट उघडण्यापूर्वी त्यावर दोन थापा मारायची सवय लावून घ्या. आत मांजराची पिल्लं असतात, पावसाळ्यात कधी लांबडंही असतं. साप दिसला, तर काठी घेऊन पराक्रम करू नका; सर्पमित्राला बोलवा.

गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक एकदा वाचा. बॅटरी सोडवण्याबद्दल त्यात काही सूचना असेल, तर तीच पाळा. किल्ली गाडीबाहेर ठेवा आणि एक काच खाली करून ठेवा, म्हणजे दारं आपोआप बंद झाली तरी अडचण नाही. मग बॅटरीचा उणे खांब, म्हणजे काळी वायर, आधी सोडवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. उणे आधी का? गाडीचा सगळा पत्रा उणे खांबाला जोडलेला असतो. आधी अधिक सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, तो पेट घेऊ शकतो. म्हणून सोडवताना उणे पहिलं, जोडताना उणे शेवटचं. उदबत्ती, काडेपेटी जवळपास नको.

एक इशारा: विजेवर चालणारी किंवा हायब्रिड गाडी असेल, तर आत जाड नारिंगी वायरी दिसतील. त्यांत शेकडो व्होल्ट असतात. अशा गाडीच्या बॉनेटखाली हात घालायचा नाही, ते काम कंपनीच्या माणसाचं. सीएनजीची नळी आणि तिचे जोडही हलवायचे नाहीत. गॅसचा वास आला, तर काम थांबवून गाडी दाखवायला न्या.

आता कामाला लागू

पहिला टप्पा कोरडा. हातानं पानं-काड्या वेचा, मग ब्रशनं वरून खाली धूळ झाडा. काचेखालची जाळी आणि तिची भोकं मोकळी करा. निम्म्याहून अधिक काम इथेच होतं.

दुसरा टप्पा झाकण्याचा. फ्यूजची पेटी, इंजिनाचा संगणक, अल्टरनेटर, हवा आत जायचं तोंड आणि ठिणगीच्या प्लगवरच्या कॉइल्स पिशव्यांनी झाकून रबरबँड लावा. तेलाचं झाकण आणि तेल मोजायची पट्टी घट्ट बसलेली आहे ना, ते बघा. किती पिशव्या आणि किती फडकी आत गेली, ते मोजून कागदावर लिहा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कापसाचे बोळे मोजतात ना, तसंच.

तिसरा टप्पा पुसण्याचा. साबणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरा, पण ते इंजिनावर न मारता फडक्यावर मारा. ओलसर, पिळलेलं फडकं हवं, निथळणारं नको. प्लॅस्टिकची झाकणं, बॉनेटची आतली बाजू, कडेचे पत्रे असं बाहेरून आत येत पुसा. कोपऱ्यात दातांचा ब्रश चालवा. तेलाचा चिकट थर असेल, तर पाण्यात मिसळणारं डीग्रीझर त्या जागेपुरतंच लावा आणि तीन-चार मिनिटांत, वाळू न देता, ओल्या फडक्यानं दोनदा पुसून घ्या. फिरत्या पट्ट्यांना काहीही लावायचं नाही.

बॅटरीच्या खांबांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली, तर ती आम्लाची असते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशनं लावा. फसफसून झालं, की ओल्या फडक्यानं पुसा. सोडा बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये. ही भुकटी डोळ्यांत उडाली, तर लगेच भरपूर पाण्यानं डोळे धुवा आणि डॉक्टरांकडे जा. तारा जोडून झाल्यावर खांबांना व्हॅसलीनचा पातळ हात द्या, म्हणजे पुन्हा लवकर गंज चढत नाही.

चौथा टप्पा वाळवण्याचा. कोरड्या फडक्यानं सगळं टिपून घ्या आणि बॉनेट उघडं ठेवून तास-दोन तास ऊन द्या. मग पिशव्या-फडकी काढा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. एखादं फडकं आत राहिलं, तर तेच उद्या पेटेल. आकडा जुळला, की अधिक आधी आणि उणे नंतर अशा तारा जोडा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, तेवढंच. गाडी उघड्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. बंद गॅरेजात कधीही नाही. धुराला वास आला नाही, तरी त्यातला विषारी वायू जीव घेतो.

चमक हवी म्हणून काही जणी रबरी नळ्यांना खोबरेल तेल लावतात. मैत्रिणींनो, ते तेल केसांनाच शोभतं. तेलानं रबर फुगतं, धूळ बसते आणि उंदरांना आमंत्रण जातं ते निराळंच. हौस असेल, तर प्लॅस्टिक-रबरासाठी पाण्यात मिसळणारं पॉलिश मिळतं, तेच फडक्यावर घेऊन पुसा.

तेलकट पाणी विहिरीच्या कडेला किंवा परसातल्या अळवाला सोडू नका. गाडीखाली जुनं पुठ्ठ्याचं खोकं पसरून ठेवा. तेलकट फडकी चुलीत घालू नका आणि गोळा करून कोपऱ्यात कोंबू नका. मोकळ्या हवेत पसरून वाळवा आणि मग कचऱ्यात वेगळी द्या.

उंदरांचं काय?

भात कापणीला आलं, की उंदीर घराकडे वळतात. इंजिनाची ऊब त्यांना आवडते. आत लेंड्या किंवा घरटं दिसलं, तर कोरडं झाडू नका आणि उघड्या हातानं उचलू नका. कोकणात पावसाळ्यात आणि नंतरही लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. हा रोग उंदराच्या मूत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून, ओलीतून येतो आणि हातापायांच्या भेगांतून, जखमांतून शिरतो. हातमोजे घाला आणि तोंडाला कापड बांधा. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण त्या जागेवर फडक्यानं टाकून दहा मिनिटं थांबा, मग कागदानं उचलून पिशवीत बांधा. ब्लीच धातू खातं, म्हणून नंतर ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. आणि ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना उंदरांची हकिगत आवर्जून सांगा. लवकर कळलं, तर औषधानं हा आजार बरा होतो.

तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या असे उपाय लोक सांगतात. त्यांचा भरवसा नाही, आणि गोळ्यांचा वास गाडीत शिरला, तर मुलांना बाधतो. खरा उपाय आपल्याच हातात आहे. भाताची पोती, कोंडा आणि कोंबड्यांचं खाणं ठेवतो तिथे गाडी उभी करू नका, आणि गाडी पडून असली, तरी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा.

पुरात गाडी बुडाली तर

आमच्या सुधागड तालुक्यानं १९८९ च्या जुलैत अंबा नदीचा कोप जांभूळपाड्याला पाहिला आहे. २००५ च्या २६ जुलैला आणि २०२१ च्या जुलैत महाडनं काय भोगलं, तेही आपल्या डोळ्यांपुढे आहे. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी घरी साफ करायची नाही, आणि ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून किल्लीही फिरवायची नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिनात पाणी असताना ते फिरलं, तर आतले दांडे वाकतात आणि सबंध इंजिन जातं. बॅटरीची काळी वायर सोडवा, फोटो काढून ठेवा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्यायला सांगा.

जाता जाता

इंजिन पुसून झालं, की पाच गोष्टी नजरेखालून घाला: तेलाची पातळी, कूलंटची पातळी, ब्रेकच्या तेलाची पातळी, पट्ट्याला पडलेल्या चिरा आणि कुरतडलेल्या वायरी. सकाळी गाडीखालची फरशीही बघा. साधं पाणी बहुधा एसीचं असतं, त्याची काळजी नको. काळपट-तपकिरी डाग इंजिनाच्या तेलाचा, हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा. हे दिसले, तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी गाडी दाखवून घ्या. ब्रेकचं तेल कमी झालेलं दिसलं, तर मात्र गाडी हलवूच नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

वर्षातून दोनदा, एकदा पाऊस संपल्यावर आणि एकदा मे महिन्यात, सकाळचे दोन तास या कामाला दिले, तर पुरतात. आणि एकदा हे सगळं ओळखीचं झालं, की मेकॅनिकसमोर उभं राहून ‘‘नेमकं काय बदललंत, जुना भाग दाखवा बघू,’’ असं विचारायला जीभ अडखळत नाही. मुलगी दहा-बारा वर्षांची असेल, तर तिलाही शेजारी उभी करून डबे, झाकणं, पातळ्या ओळखायला शिकवा. मुलगा असेल, तर त्याच्या हातात फडकं द्या!

पुढच्या खेपेला स्कूटरची निगा कशी राखावी ते पाहू.